झोंबी मालिकेत नवा खलनायकी गट कसा आणावा: 'द वॉकिंग डेड'मधल्या व्हिस्परर्सवरून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान वेबमालिका किंवा श्राव्यमालिका लिहिणाऱ्यांसाठी आहे आणि मालिका बारकाईनं पाहणाऱ्यांसाठीही. 'द वॉकिंग डेड' या अमेरिकी झोंबी मालिकेच्या नवव्या आणि दहाव्या पर्वातली जवळजवळ सगळी गुपितं पुढे फोडली आहेत. मालिका पाहायची राहिली असेल तर आधी ती पाहून या.

व्हिस्परर्स म्हणजे नेमके कोण?

मेलेल्यांच्या चेहऱ्याची कातडी सोलून तिचा मुखवटा शिवणारी आणि तो घालून झोंबींच्या झुंडीत मिसळून चालणारी जिवंत माणसं. झोंबींना या मालिकेत 'वॉकर' म्हणतात. आवाज चढला तर वॉकर अंगावर येतील, म्हणून ही माणसं फक्त कुजबुजतात. त्यावरूनच त्यांना हे नाव पडलं. या पानापुरतं आपण त्यांना 'कुजबुजे' म्हणू. त्यांची म्होरकी अल्फा (सामंथा मॉर्टन), तिचा उजवा हात बीटा (रायन हर्स्ट) आणि अल्फाची मुलगी लिडिया (कॅसेडी मॅक्लिन्सी).

उदाहरणाला हाच गट का? निगन आणि त्याची टोळी जास्त गाजली होती.

गाजली, पण त्या टोळीत नवं काय होतं? आधीच्या पर्वांतले खलनायक बघा: गव्हर्नरकडे तटबंदीचं गाव होतं, टर्मिनसवाले माणसं खात होते, निगनची माणसं वसुली करत होती. तिघांची क्रौर्याची पातळी वेगळी असली तरी जात एकच: बंदूकधारी माणसं विरुद्ध बंदूकधारी माणसं. वॉकर बाजूला नेपथ्यासारखे उभे. कुजबुज्यांनी वॉकरलाच संशयास्पद केलं. आठ पर्वं प्रेक्षक एक गोष्ट न विचारता मानत आला होता, की समोरून लंगडत येणारं मढं म्हणजे मढंच. त्या खात्रीलाच या गटानं सुरुंग लावला.

दुसरं कारण वेळेचं. नववं पर्व 7 ऑक्टोबर 2018 ला सुरू झालं तेव्हा मालिकेची सूत्रं नुकतीच अँजेला कँग यांच्याकडे आली होती. सातव्या पर्वाचा पहिला भाग अमेरिकेत प्रसारणाच्या दिवशीच सुमारे 1 कोटी 70 लाख लोकांनी पाहिला होता, नवव्याचा सुमारे 61 लाखांनी. त्यात पाचव्या भागात नायक रिकच मालिकेतून गेला आणि कथा सहा वर्षं पुढे सरकली. नायक नाही, प्रेक्षक ओसरलेला आणि नवा खलनायक उभा करायचा! अशा पडत्या काळात जे जमतं, त्यावरून शिकायला जास्त मिळतं.

ते पहिल्यांदा कधी दिसतात?

दिसण्याआधी ते ऐकू येतात, आणि सगळी किमया तिथेच आहे.

सहावा भाग, 11 नोव्हेंबर 2018. नायकाच्या गटातले रोझिटा आणि यूजीन रेडिओचा टप्पा वाढवण्यासाठी मनोऱ्यावर चढलेले असतात. खालून झुंड येते, यूजीनचा पाय दुखावतो आणि दोघं अंगाला चिखल फासून एका खळग्यात पडून राहतात. झुंड शेजारून जाते आणि तिच्यातून कुणीतरी त्यांचा ठावठिकाणा विचारत कुजबुजतं. भाग संपतो.

आठवा भाग, 25 नोव्हेंबर. धुक्यातलं कब्रस्तान. जीझस या टोपणनावाचा लढवय्या (टॉम पेन) सराईतपणे एका वॉकरवर तलवार फिरवतो आणि वॉकर खाली वाकून वार चुकवतो. पुढच्याच क्षणी मागून सुरा, आणि कानाशी कुजबुज. नंतर त्याचा साथीदार डॅरिल याला त्या प्रेताच्या डोक्यामागे शिवण सापडते आणि कातडी सोलल्यावर आत माणूस निघतो.

इथे 11 आठवड्यांची सुट्टी. नववा भाग 10 फेब्रुवारी 2019 ला आला. त्यात लिडिया हाती लागते आणि शेवटी अल्फा पहिल्यांदा दिसते. दहाव्यात ती हिलटॉप या वस्तीच्या फाटकासमोर उभी राहून मुलगी परत मागते. बीटा बाराव्यात येतो. 24 मार्चच्या पंधराव्या भागात खुंटांवर अल्फानं मारलेल्या दहा जणांची मुंडकी.

क्रम काढला तर असा: आवाज, कृती, एक कैदी, म्होरकी, गटाचं रोजचं जगणं, मग हिशेब. पहिल्या आवाजापासून हिशेबापर्यंत दहा भाग.

म्होरक्याला इतकं मागे ठेवायचं? चेहरा लवकर दिसला तर जाहिरातीला बरा पडतो.

जाहिरातीला बरा पडतो हे खरंच. पण चेहरा उशिरा दाखवणं हेच मर्म आहे असंही समजू नका. निगनचा चेहराही उशिराच आला होता. नोव्हेंबर 2015 मध्ये रस्ता अडवणाऱ्या टोळीच्या तोंडी त्याचं नाव आलं आणि तो स्वतः 3 एप्रिल 2016 ला, सहाव्या पर्वाच्या शेवटच्या भागात दिसला. तिथवर सगळं ठीक. घोटाळा पुढे झाला. त्यानं बॅट उगारली, घातली आणि कुणाच्या डोक्यात घातली हे न सांगता पर्व संपलं. उत्तर 23 ऑक्टोबरला मिळालं. साडेसहा महिने प्रेक्षक खलनायकाला घाबरण्याऐवजी लेखकावर चिडून बसला.

आता जीझसचा प्रसंग बघा. कोण मेलं, कसं मेलं, कुणी मारलं, मुखवट्याखाली काय होतं, सगळं त्याच भागात चोख दाखवलं. लपवलं ते एवढंच की ही माणसं कोण आणि असं का करतात. घटना कधीच झाकायची नाही. झाकायचा तो घटनेमागचा माणूस आणि त्याचं कारण. घटना झाकली की प्रेक्षकाला आपल्याला फसवलं असं वाटतं, कारण झाकलं की त्याला पुढचा भाग हवासा वाटतो. या पानावरचं एकच उत्तर लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा.

मढ्यांत मिसळून चालणं पटतं कसं? ऐन वेळी काढलेला नियम वाटत नाही का?

वाटत नाही, कारण तो नियम मालिकेत आठ वर्षं मुरलेला होता. 2010 च्या पहिल्या पर्वातल्या दुसऱ्याच भागात रिक आणि ग्लेन अंगाला वॉकरची आतडी आणि रक्त फासून झुंडीतून चालत जातात. पाऊस येतो, वास धुऊन जातो आणि सोंग उघडं पडतं. पुढे मिशॉन हात आणि जबडा तोडलेले दोन वॉकर साखळीनं बांधून बरोबर घेऊन फिरते. पाचव्या पर्वाच्या सुरुवातीला कॅरल अंगाला घाण फासून टर्मिनसकडे चालत जाते. सहाव्या पर्वात अख्खा जमाव रक्तानं माखलेल्या चादरी पांघरून निघतो आणि सॅम नावाच्या लहान मुलाच्या तोंडून भीतीनं आवाज फुटतो. त्याची किंमत तो आणि त्याची आई मोजतात.

म्हणजे वास लपवता येतो, पाऊस घात करतो, आवाज त्याहून मोठा घात करतो, हे प्रेक्षकाला आधीच ठाऊक होतं. कुजबुज्यांनी नवा नियम आणला नाही. इतरांनी तासाभरापुरता वापरलेला नियम त्यांनी आयुष्यभरासाठी पत्करला. बारशाला नेसवलेलं लुगडं कुणी रोजच नेसू लागावं, तसं.

तुमच्या मालिकेत हे करायचं तर आधी जुन्या भागांची यादी काढा. आपल्याच पात्रांनी नाइलाजानं एकदोनदा केलेली कोणती गोष्ट आहे, जी दुसरं कुणी सवयीनं करू शकेल? नवा गट बहुधा तिथेच दडलेला असतो. अशी एकही गोष्ट सापडली नाही तर गट आणण्यापूर्वी किमान दोन भागांत ती पेरा, आणि त्यातल्या एकदा ती फसलेली दाखवा. न फसणारी युक्ती प्रेक्षकाला पुढे पटत नाही.

पहिला सुगावा किती लांबीचा असावा?

मिनिटभर, फार तर दीड, आणि भागाच्या अगदी शेवटी. त्याच भागात त्याचं स्पष्टीकरण द्यायचं नाही. ज्यानं तो ऐकला ते पात्र थोडं भरवसा न वाटण्यासारख्या स्थितीत असलेलं बरं. यूजीन जखमी, चिखलात, घाबरलेला. नंतर तो झुंड बोलते असं सांगतो तेव्हा ऐकणाऱ्यांना शंका घ्यायला जागा उरते आणि ती शंका मोडायला तुम्हाला पुढचा भाग मिळतो.

एकाच भागात तीन सुगावे टाकू नका. पाचव्या पर्वापासून कपाळावर इंग्रजी डब्ल्यू कोरलेले वॉकर आणि लांडग्यांचा उल्लेख असलेली भिंतीवरची अक्षरं अशी बरीच पेरणी झाली होती. मग सहाव्या पर्वाच्या दुसऱ्याच भागात 'वुल्व्ह्ज' गटाचा हल्ला आला आणि गट तिथेच बराचसा संपला. हल्ला जबरदस्त होता, पण खुणा जितक्या होत्या तितका गटात ऐवज नव्हता. खुणा पेरताना प्रत्येकीसमोर लिहून ठेवा की ही नेमकी कुठे वसूल होणार.

गटात किती माणसांना नाव द्यायचं?

तिघांना. एक म्होरका, एक हात, एक भेग. भेग म्हणजे जिच्यातून आतलं दिसतं असं पात्र, इथे लिडिया. चौथं नाव पुढच्या पर्वासाठी राखून ठेवा. गॅमा (थोरा बर्च) दहाव्या पर्वात आली आणि ती दुसरी भेग ठरली. बाकीचे मुखवट्यातच राहू द्या. ज्युनिअर आर्टिस्टचा खर्चही वाचतो, कारण मुखवट्यामागे तीच वीस माणसं चार भागांत वापरता येतात. मात्र मुखवटे क्रमांक टाकून ठेवा. नाहीतर मेलेला मुखवटा पुढच्या भागात परत चालताना दिसतो आणि प्रेक्षक तो पकडतोच.

म्होरकी 'वाईट' आहे हे कसं दाखवायचं? भाषण हवं का?

नको. अकरावा भाग पाहा. हिलटॉपसमोर उभ्या कुजबुज्यांमधल्या एका बाईच्या कडेवरचं तान्हं बाळ रडू लागतं. आवाजानं वॉकर वळतात. ती अल्फाकडे पाहते, अल्फा नुसती खूण करते आणि बाई बाळ जमिनीवर ठेवते. धमकी नाही, तत्त्वज्ञान नाही. गटाचा सगळा कायदा एका हालचालीत कळतो: आवाज म्हणजे मरण, मग तो आवाज बाळाचा का असेना. बाळाला वाचवते कॉनी, जी बहिरी आहे (लॉरेन रिडलॉफ स्वतः बहिऱ्या आहेत), आणि मक्याच्या शेतात तिच्यामागे धावताना प्रेक्षकाचाही आवाज काढून घेतला जातो. आवाजावर उभ्या राहिलेल्या गटाविरुद्ध आवाजाशिवाय जगणारं माणूस. ही जुळणी आपोआप झालेली नसते, कागदावर बसूनच करावी लागते.

त्याच भागात लिडिया अल्फाला 'आई' म्हणते आणि थप्पड खाते. इतरांसारखं 'अल्फा' म्हणायचं. एका चापटीत नातं आणि शिस्त दोन्ही.

पूर्वकथा कधी सांगायची?

कैदी हाती लागल्यावर आणि आधी खोटी. दहाव्या भागात लिडिया बाल्टिमोरमधल्या तळघराची आठवण सांगते: बाप क्रूर, आई मायाळू. तोच प्रसंग पुन्हा पुन्हा येतो आणि दर वेळी थोडा बदलतो. हळूहळू कळतं की भूमिका उलट्या होत्या, आणि आईनं तिच्या मनात घोटलेली गोष्ट ती सांगत होती. एवढ्यानं दोन कामं होतात. माहिती मिळते आणि म्होरकी आपल्या माणसांच्या आठवणींनाही कसा हात घालते ते दिसतं. सरळ फ्लॅशबॅकमध्ये पहिलंच काम झालं असतं.

हा गट इतकी वर्षं होता कुठे? हा प्रश्न प्रेक्षक विचारतोच.

विचारतोच, आणि त्याचं उत्तर एका वाक्यात बसलं पाहिजे. इथे ते असं: घर नाही, झुंडीबरोबर भटकतात, लांबून पाहिलं तर झुंडच दिसते. शिवाय सहा वर्षांची उडी मदतीला आली. उत्तर द्यायला दोन पात्रांचा पानभर संवाद लागत असेल तर गटाच्या कल्पनेतच गडबड आहे, संवाद घासून ती सुटत नाही.

पहिला बळी कुणाचा घ्यावा?

लढाईत सर्वांत तरबेज असलेल्याचा. दुबळा मेला तर प्रेक्षक म्हणतो, तो मरणारच होता. तरबेज माणूस त्याच्याच कौशल्यामुळे मेला, म्हणजे वॉकर कसा हलतो हे पाठ असल्यामुळे गाफील राहून मेला, तर भीती बाकी सगळ्यांवर पसरते. त्याला मारताना मूर्ख करू नका. जीझसचा वार चुकीचा नव्हता. समोरचा वॉकर नव्हता, एवढंच.

मूळ पुस्तक वाचलेल्यांना धक्का कसा द्यायचा?

रॉबर्ट कर्कमन यांची चित्रकथा 2003 ते 2019 अशी 193 अंकांत आली आणि त्यात कुजबुजे 2014 मध्येच येऊन गेले होते. म्हणजे वाचकाला गट माहीत, मुखवटे माहीत, खुंटांवरची मुंडकीही माहीत. मालिकेनं घटना तशाच ठेवल्या आणि माणसं बदलली. चित्रकथेत जीझस शेवटपर्यंत जगतो. खुंटांवर तिथे बारा मुंडकी होती, त्यांत रोझिटा आणि इझिकील. मालिकेत दहा, आणि त्यांत टारा, ईनिड, हेन्री. लिडियाशी जवळीक चित्रकथेत रिकचा मुलगा कार्ल याची असते. मालिकेत कार्ल आठव्या पर्वातच मेला होता, म्हणून ती जागा हेन्रीकडे आली. वाचकाला 'काय' माहीत आणि 'कोण' माहीत नाही. त्यामुळे तो पहिल्यांदा पाहणाऱ्यापेक्षाही जास्त धास्तावतो.

दहा मुंडक्यांचा प्रसंग इतका का चालला?

तीन कारणं, तिन्ही मांडणीची. भागाचा बराच वेळ जत्रेचा आहे: लोक भेटतात, खेळ, खाणं, प्रेमं. अल्फा एका बाईला मारून तिचे केस डोक्यावर चढवते आणि त्या जत्रेत फिरून गप्पाही मारते. दुसरं, मुंडकी दाखवण्याचा क्रम. आधी नुकतीच ओळख झालेली माणसं, मग जवळची, शेवटी हेन्री. उलटा क्रम लावला असता तर पहिल्यानंतर कुणी बाकीची पाहिलीच नसती. तिसरं, डॉक्टर सिद्दिकला मुद्दाम जिवंत सोडलं जातं. तो परत येऊन ही माणसं शेवटपर्यंत कशी एकमेकांसाठी लढली ते सांगतो, म्हणजे अल्फानं पाठवलेला निरोप वेगळाच होऊन पोचतो.

आणि मुंडकी नुसत्या क्रौर्यासाठी नाहीत, ती सीमेच्या खुणा आहेत. त्याच भागात अल्फा डॅरिलला कड्यावरून हजारो वॉकरची फौज दाखवते. सीमा ओलांडली तर काय होईल, हे पुढे कुणाला बोलून दाखवावं लागत नाही.

कुजबुजता संवाद मराठीत लिहायचा आणि ध्वनिमुद्रित करायचा तर काय सांभाळावं?

इथे बहुतेकांचा पाय घसरतो. कुजबुजताना स्वरतंतू कंप पावत नाहीत, त्यामुळे घोष आणि अघोष व्यंजनांतला फरक पुसट होतो. 'ग' हा 'क'सारखा, 'द' हा 'त'सारखा, 'ब' हा 'प'सारखा ऐकू येतो. 'गाडी'ची 'काडी' होते, 'दार'चं 'तार'. म्हणून ज्या शब्दावर अर्थ टांगलेला आहे, त्याला असा जुळा शब्द नाही ना, हे तपासा. स्वराची चढउतारही जाते. 'ते आलेत?' हा प्रश्न कुजबुजीत साधं विधान वाटतो. 'आले का ते?' लिहा, म्हणजे 'का' ते काम करेल. वाक्य चार-पाच शब्दांचं ठेवा. 'स', 'श', 'च' असलेले शब्द चांगले उठतात.

मुद्रणात तीन गोष्टी. एक, चित्रीकरणाच्या जागी मुखवट्याआडून मिळालेला आवाज कच्चा समजा आणि डबिंगचा वेळ आधीच धरा. दोन, त्याच जागी, त्याच श्वासात, कॅमेऱ्याशिवाय प्रत्येक वाक्य तीनदा वेगळं मुद्रित करून घ्या. डबिंगच्या वेळी कलाकाराला लय पकडायला ते कामी येतं. तीन, कुजबुजीची ताकद वरच्या कंपनसंख्यांत असते आणि वारा, पाचोळा, पाऊस तिथेच गोंधळ घालतात. पार्श्वध्वनी नुसता हळू करून भागत नाही, तो शब्दाच्या जागी वरच्या पट्टीत कापावा लागतो. कुजबुज नुसती मोठी केली की ती बोलण्यासारखी वाटते आणि भीती जाते. आजूबाजूचं आधी शांत करा.

मिक्स झाल्यावर मोबाइलच्या स्पीकरवर एकदा ऐका. निम्मे प्रेक्षक तिथेच ऐकणार असतात.

गटाच्या नियमांचं टिपण किती मोठं असावं?

एक पान. खाणं, झोप, मुलं, आजारपण, गटात येणं, म्होरक्याला आव्हान, शिक्षा. प्रत्येकी दोन ओळी. पडद्यावर त्यातलं तिसरा हिस्सा आलं तरी पुरे. बाराव्या भागात शॉन आणि हेल्गा अल्फाला आव्हान देतात आणि ती दोघांनाही तिथल्या तिथे संपवते. तो प्रसंग टिपणातल्या दोन ओळींतूनच उगवतो. टिपण नसेल तर प्रत्येक भागाचा लेखक वेगळे कुजबुजे लिहितो, आणि सातव्या भागापर्यंत ते शेकोटीभोवती मोठ्यानं हसायला लागलेले असतात.

आधीच्या खलनायकाचं काय करायचं?

कामाला लावा. निगन तोवर कोठडीत होता. त्याला मारून टाकलं असतं तर मालिकेला अल्फाच्या जवळ जाऊ शकणारं माणूसच उरलं नसतं. दहाव्या पर्वाच्या बाराव्या भागात, 15 मार्च 2020 ला, अल्फाचा गळा त्यानंच चिरला.

गटाचा शेवट कधी ठरवावा?

पहिली कुजबुज लिहिण्याआधी, कुणाच्या हातून ते धरून. म्होरकी आणि तिचा हात एकाच भागात मारू नका. अल्फानंतर बीटा चार भाग टिकला आणि त्या चार भागांत गट म्होरक्याविना आणखी बेफाम झाला. वेळापत्रक मात्र सगळं तुमच्या हातात नसतं. दहाव्या पर्वाचा पंधरावा भाग 5 एप्रिल 2020 ला लागला, करोनामुळे सोळाव्याचं निर्मितीपश्चात काम अडकलं आणि बीटाचा शेवट थेट 4 ऑक्टोबरला दिसला. त्यामुळे शेवटच्या भागाच्या पहिल्या पाच मिनिटांत कोण कुठे अडकलंय आणि झुंड कोणत्या बाजूला आहे हे कृतीतून पुन्हा सांगून टाका. 'मागील भागात'ची पट्टी अनेकजण पुढे ढकलतात.